ताळा

फोनचं कॅल्क्युलेटर उघडा आणि फोन आडवा धरा, म्हणजे जास्तीची बटणं दिसायला लागतील. आता दोनचा सदुसष्टावा घात काढा. माझ्या फोनवर १.४७५७३९५२५९ असं काहीतरी येतं, आणि शेवटी एक ई आणि २०. म्हणजे फोन सांगतो की साधारण एवढं एवढं, वरचे सुटे पैसे सोडून द्या.

सुटे सोडले नाहीत तर ती संख्या अशी दिसते: १४७५७३९५२५८९६७६४१२९२८. हिचे अवयव पाडायला डोकं लागत नाही. सदुसष्ट वेळा दोन, दुसरं काही नाही. पण हिच्यातून एक वजा करा. शेवटचा आठ जाऊन तिथे सात येतो. फोनच्या पडद्यावर काहीच हलत नाही, तोच आकडा, तोच ई, तेच २०. आणि तरी ही नवी संख्या जुनीची कुणीच लागत नाही. हिला दोनने भाग जात नाही, तीनने नाही, सातने नाही. एक सोडला तर एकोणीस कोटीपर्यंतच्या एकाही संख्येने हिला भाग जात नाही.

स्वल्पविराम देऊन लिहायची तर १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांना नावं दिली आहेत. ही एकवीस अंकी. नावं संपतात आणि ही आणखी तीन घरं पुढे जाऊन बसलेली असते. चौदाशे पंचाहत्तर परार्ध आणि वर बरंच काही.

ही मला भेटली तेव्हा मी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून एका खुर्चीची मालकीण होते. राज्यसेवेचा चौथा प्रयत्न. अंकगणिताच्या तयारीला म्हणून अप्पा बळवंत चौकातून गणिताच्या गोष्टींचं एक जुनं इंग्रजी पुस्तक साठ रुपयांना आणलं होतं. परीक्षेला त्याचा शून्य उपयोग झाला, हे आधीच सांगते. पण त्यात एक प्रकरण होतं, फक्त याच एका संख्येवर.

गोष्ट मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकापासून सुरू होते. दोनच्या घातातून एक वजा केला की कधी कधी मूळ संख्या मिळते. ३, ७, ३१, १२७ या अशाच मिळालेल्या. घात मूळ नसेल तर ती मिळतच नाही, पण घात मूळ असला म्हणून मिळेलच असंही नाही. घात ११ घेतला तर २०४७ येतात, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. मग कुठले घात चालतात? मर्सेनने १६४४ साली २५७पर्यंतची यादीच छापून टाकली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. त्या यादीत पाच चुका निघाल्या. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते, आणि ६७ आणि २५७ उगाच घुसले होते. पण ६७ तिथे २३२ वर्षं आरामात बसला होता. एकवीस अंकी संख्या हाताने तपासणार कोण?

१८७६ साली एद्वार् ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने सांगितलं की ही मूळ नाही. अवयव कुठले, ते त्याने सांगितलं नाही, कारण ते त्यालाही माहीत नव्हते. हे मला तेव्हा पटेना. भाग कशाने जातो हे माहीत नसताना भाग जातो हे कसं कळेल?

कळतं. ल्युकाच्या कसोटीचं पुढे लेहमरने सोपं केलेलं रूप घरी करून बघता येईल इतकं साधं आहे. चारपासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, आपल्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची. त्या बाकीवर परत तेच. घातापेक्षा दोन कमी, इतक्या वेळा. शेवटी शून्य उरलं तर संख्या मूळ, नाही तर नाही. ३१साठी घात पाच, म्हणून तीन वेळा: पहिल्यांदा १४. मग १४चा वर्ग १९६, वजा दोन १९४, बाकी ८. मग ६४ वजा दोन ६२, बाकी शून्य. ३१ मूळ. आता २०४७ घ्या. नऊ वेळा करावं लागतं, मी एका दुपारी केलं, आणि शेवटी बाकी उरते १७३६. शून्य नाही, म्हणजे संख्या मूळ नाही. निकाल पक्का आहे, त्यावर अपील नाही. पण त्या १७३६कडे कितीही वेळ बघत बसलं तरी त्यातून २३ दिसत नाहीत की ८९ दिसत नाहीत.

अभ्यासिकेत बसून हे वाचणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार परकी नव्हती. आमचा निकालही असाच लागायचा. पीडीएफ उघडायची, शोधायच्या चौकटीत आपला नंबर टाकायचा आणि फोन सांगायचा, काही सापडलं नाही. बाकी किती उरली ते मागाहून कळायचं. पहिल्या वेळी अकरा मार्क, चौथ्या वेळी अडीच. पण अडीचकडे बघून काय कळतं? इतिहास कच्चा राहिला, की शेवटच्या पाच मिनिटांत हात थरथरला, की मुळात मी त्यातली नाहीच? माझी रूममेट म्हणायची, अडीच म्हणजे झालंच की गं, पुढच्या वेळी निघणार. तिसऱ्या वेळी मला साडेतीन कमी पडले होते तेव्हाही ती हेच म्हणाली होती.

ल्युकानंतर सत्तावीस वर्षं ती संख्या अशीच पडून होती. फुटते हे माहीत, कुठे फुटते ते माहीत नाही.

मग ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक. फ्रँक नेल्सन कोल हे कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक आणि सोसायटीचे सचिव. त्यांच्या निबंधाचा विषय होता मोठ्या संख्यांचे अवयव. गोष्ट अशी सांगतात की कोल उठले, फळ्यापाशी गेले आणि काही न बोलता दोनचा सदुसष्टावा घात काढला. त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या कोऱ्या भागाकडे सरकले आणि तिथे लिहिलं: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. ओळीने गुणाकार केला. दोन्हीकडची उत्तरं एकच आली. खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसले. एक शब्द नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि प्रश्न कुणीच विचारला नाही.

ही गोष्ट एरिक टेंपल बेल यांच्यामुळे पसरली. त्यांनी ती बऱ्याच दशकांनी लिहिली, आणि बेल हे गोष्टीला फोडणी देण्याबद्दल प्रसिद्ध होते. त्यामुळे टाळ्या किती वाजल्या यावर मी पैज लावणार नाही. पण गुणाकार खरा आहे, तो कुणीही करून बघू शकतं. बेल यांनी कोलना नंतर विचारलं होतं म्हणे, किती वेळ लागला? उत्तर आलं, तीन वर्षांचे रविवार.

रविवार कसे गेले असतील याचा थोडा अंदाज येतो. या जातीच्या संख्येचे अवयव वाटेल तसे नसतात. घाताची दुप्पट १३४. प्रत्येक मूळ अवयव १३४च्या कुठल्यातरी पटीपेक्षा एकने मोठा असतो, आणि त्याला आठने भागलं तर बाकी एक किंवा सातच उरते. म्हणजे शोध बराच आटोक्यात आला. पण १९३७०७७२१ म्हणजे १३४ची १४,४५,५८०वी पट अधिक एक. आठची चाळणी लावून निम्मे उमेदवार बाद केले तरी सात लाखांवर उरतात, आणि कोलना आधी माहीत नव्हतं की सात लाखांवर थांबायचं आहे. लहान अवयव बाराशे चौदा कोटींच्या आसपासपर्यंत कुठेही असू शकला असता. त्यांनी अर्थात एकेक भागाकार केला नाही. वर्गांच्या बाक्या वापरून आणखी बारीक चाळण्या लावल्या. तरी रविवार लागलेच.

आज साध्या लॅपटॉपला या कामाला एक सेकंदही लागत नाही. पण संख्या वाढवत नेली की लॅपटॉपही कोलसारखाच रविवार मोजायला लागतो. ज्या कुलपांच्या भरवशावर इंटरनेट चालतं त्यातल्या एका जुन्या, नावाजलेल्या जातीचं, आरएसएचं, सगळं बळ एवढंच आहे: दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, आणि नुसता गुणाकार बघून त्या दोघी ओळखणं महाकठीण. त्यातल्या संख्या सहाशेहून अधिक अंकी असतात.

मला मात्र कुलपांपेक्षा रविवारांचं पडलं होतं. कोलनी ते मोजले काम झाल्यावर. अवयव सापडले नसते, तर बेलनी कशाला विचारलं असतं? मी चार वर्षं पुण्यात होते, आणि अभ्यासिकेला रविवारची सुट्टी नसते. उलट रविवारी सराव परीक्षा.

चौथ्या निकालानंतर मी बार्शीला परत आले. स्वारगेटवरून एसटी, दोन पिशव्या पुस्तकं, एक गादी. गादी का आणली मला अजून कळलेलं नाही. अण्णा स्टँडवर आले होते. त्यांनी गादी स्कूटरवर पुढे ठेवली आणि म्हणाले, "मागं बस, पिशव्या मांडीवर घे." बस, एवढंच. त्या दिवशीही आणि नंतरही. अण्णा गावातल्या एका पतसंस्थेत एकतीस वर्षं हिशोबनीस होते. कॉम्प्युटर आला तेव्हा निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, म्हणून आयुष्यभर कीर्द, खतावणी आणि तेरीज, हाताने. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ लावायचा मी नाद सोडला होता.

पुढच्या जाहिरातीचा फॉर्म भरायची मुदत संपत आली होती. आई रोज विचारायची, भरलास का? मी म्हणायचे, साइट चालत नाहीये. साइट व्यवस्थित चालत होती.

मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी कालनिर्णयच्या जुन्या पानामागे कोलचा गुणाकार मांडून बसले होते. फोन न वापरता. कशासाठी ते विचारू नका. अण्णा मागे येऊन उभे राहिले.

"रकाने सरळ नाहीत," ते म्हणाले. "रकाने सरळ नसले की बेरीज चुकणारच."

आणि माळ्यावरून एक कोरी खतावणी काढून आणली. लांब रुंद पानं, उभ्या फिकट रेघा. बारा अंकी संख्येला नऊ अंकी संख्येने गुणायचं म्हणजे असलंच पान हवं. मी त्यांना कोलची गोष्ट सांगितली. ल्युकाचीही. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ताळा काय येतो?"

शाळेत शिकवतात तो नवाचा ताळा. अंकांची बेरीज करत जायची, एक अंक उरेपर्यंत. १९३७०७७२१ची बेरीज ३७, मग १०, मग १. दुसरीची ६४, १०, १. मोठ्या संख्येची १०९, १०, १. एक गुणिले एक बरोबर एक. अण्णांचा चेहरा खुलला. "म्हणजे वरच्या संख्येचा ताळा एक आहे," ते म्हणाले, "तर ज्या अंकाने गुणशील तोच अंक ओळीच्या ताळ्यात आला पाहिजे. दोनच्या ओळीत दोन, सातच्या ओळीत सात." एकतीस वर्षांत इतकी सोयीची रक्कम त्यांना मिळाली नव्हती.

गुणाकार वाटतो तेवढा अवघड नाही. १९३७०७७२१मध्ये एक दोनदा येतो, सात तीनदा येतो आणि शून्याची ओळ सोडायची. खरी गुणायची ओळ चारच अंकांची: दोन, तीन, सात, नऊ. सातची ओळ आली ५३३२८६७८०१००९. बेरीज ५२, ताळा ७. ती आणखी दोनदा नुसती उतरवायची, घरं सरकवून. मी लिहीत गेले, अण्णा प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने ताळा मांडत गेले. सगळे ताळे बरोबर. मग आम्ही एकेक रकाना बेरीज केली, हातचे वर बारीक लिहून. एकूण बेरजेचाही ताळा काढला. १०९, १०, १.

आणि उत्तर चुकलं होतं. यायला हवं होतं १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, आमचं आलं १४७५७३९५२६७९६७६४१२९२७. मध्येच ५८९च्या जागी ६७९.

मी परत सगळी बेरीज करायला घेतली तर अण्णांनी हात धरला. "थांब. फरक काढ."

फरक नऊ, आणि पुढे दहा शून्यं.

"फरकाला नवाने भाग जातोय," ते म्हणाले. "मग बेरीज चुकलेली नाही. उतरवताना कुठंतरी दोन अंक उलटे पडलेत." तेरीज जुळली नाही की ते लोक पहिलं हेच बघत. ६३चे ३६ लिहिले, ५४०चे ४५०, की फरक नवाच्या पटीत येतो. आणि म्हणूनच नवाचा ताळा तिथे आंधळा असतो. अंक तेच, बेरीज तीच, फक्त जागा बदललेल्या.

"नवाला नवाने भागलं, एक आला," अण्णा पुढे म्हणाले. "म्हणजे त्या दोन अंकांत एकाचा फरक आहे. मोठा आधी पडलाय, म्हणून आपली रक्कम जास्त झाली. दहा शून्यं, म्हणजे अकरावं आणि बारावं घर. उजवीकडून मोज."

ते घरं मोजत होते तेव्हा मी म्हणाले, "अण्णा, मी फॉर्म भरला नाही."

त्यांनी मान वर केली नाही. बोट रकान्यावर होतं. "माहिताय," ते म्हणाले. "परवा दिवसभर लाइट नव्हती, नेट नव्हतं, आणि तू चिडली नाहीस."

मी काहीच बोलले नाही.

"पहिल्या ओळीत ७६ आहेत त्या घरांत," ते म्हणाले. "पण ती तर मूळ रक्कमच. ती बरोबर आहे. दुसऱ्या ओळीत २३, लहान आधी आहे, जाऊ दे." बोट खाली खाली सरकत गेलं. तिसऱ्या वेळी उतरवलेल्या सातच्या ओळीवर थांबलं. "हे बघ. ८७. वरच्या दोन्ही ओळींत ७८ आहेत."

मी बघितलं. खरंच होतं. दोनदा बरोबर लिहिलेली तीच ओळ मी तिसऱ्यांदा चुकीची लिहिली होती.

आईने आतून विचारलं, ताटं घेऊ का. अण्णा म्हणाले, दोन मिनिटं. मी खोडरबर शोधायला लागले, तर त्यांनी माझ्या हातात पेन दिलं.

"वहीत खोडायचं नाही," ते म्हणाले. "चुकलेल्यावर एक आडवी रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर आकडा लिही आणि बाजूला सही कर."

मी रेघ मारली. वर ७८ लिहिले. बाजूला सही केली.

"तारीख," अण्णा म्हणाले.